छापून उरलेल्या चित्रांचे मोल

अंक एकदा छापून वाचकाच्या हाती पडला की, ज्या मूळ चित्रांवरून तो छापला त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वाचकाला गोष्ट मिळालेली असते, प्रकाशकाला अंकाची किंमत मिळालेली असते आणि चित्रकाराला पानामागे ठरलेला मेहनताना मिळालेला असतो. व्यवहार पुरा झाला, अशीच सर्वांची समजूत असते. परंतु या पुऱ्या झालेल्या व्यवहारातूनच गेल्या काही दशकांत एक नवा आणि चमत्कारिक बाजार उभा राहिला आहे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत एका चित्रकथेचे एकच मूळ पान ३३ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. १९८४ मध्ये निघालेल्या 'सीक्रेट वॉर्स' या मालिकेच्या आठव्या अंकातील हे पान माइक झेक यांनी रेखाटले होते आणि स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख कसा आला, ते त्यात दाखविले होते. ज्या अंकात हे पान छापले गेले तो अख्खा अंक त्या वेळी पाऊण डॉलरला मिळत असे. त्याच्या आदल्या वर्षीच, २०२१ च्या जानेवारीत, पॅरिसमध्ये टिनटिनचे जनक एर्जे यांनी १९३६ मध्ये 'ब्लू लोटस'साठी रंगविलेले एक मुखपृष्ठ सुमारे ३२ लाख युरोला गेले. गंमत अशी की, हे मुखपृष्ठ कधी छापलेच गेले नव्हते. त्यातील रंग छपाईला फार खर्चाचे पडतील म्हणून ते बाजूला ठेवण्यात आले आणि एर्जे यांनी दुसरे, अधिक साधे चित्र काढून दिले.

नाकारलेल्या चित्राला लाखो युरो मिळावेत आणि ज्या पानाची किंमत चित्रकाराला एकदाच चुकती झाली, त्या पानाने पुढे दुसऱ्याच कोणाची तिजोरी भरावी, ही केवळ हौशी श्रीमंतांच्या लहरीची गोष्ट नव्हे. वस्तूचे मोल कशाने ठरते आणि ते वाढले तर वाढ कोणाची, हे अर्थशास्त्रातले दोन जुने प्रश्न या रंगीबेरंगी व्यवहाराच्या तळाशी आहेत.

कागद कसा तयार होतो

चित्रकथेचे मूळ पान म्हणजे सामान्य अर्थाने 'चित्र' नव्हे. ते छपाईच्या साखळीतील एक साधन असते. अमेरिकी पद्धतीत एक जण जाड बोर्डावर पेन्सिलीने रेखाटन करतो, दुसरा त्यावर ब्रशने आणि टाकाने शाई चढवितो, तिसरा फुग्यांतील अक्षरे लिहितो. चुकलेल्या जागी पांढरा रंग लावलेला असतो, कोठे नवी चौकट कापून चिकटविलेली असते, समासात संपादकाच्या सूचना असतात आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या फिकट निळ्या पेन्सिलीच्या खुणा जागोजाग आढळतात. पान छापील आकारापेक्षा बरेच मोठे काढण्याची रीत आहे. १९६७ च्या सुमारापर्यंत ते छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट असे, पुढे दीडपट झाले. मोठे काढलेले चित्र लहान करून छापले की रेषेतील थरथर झाकली जाते, एवढाच त्यामागचा हेतू.

या पानाचे छायाचित्र घेऊन छपाईचे ठसे तयार झाले की त्याचे काम संपे. मग ते गोदामात पडून राही, कोणा चाहत्याला भेट म्हणून दिले जाई, नाही तर फाडून टाकले जाई. साखर कारखान्याला एके काळी मळीची अडचण वाटे; प्रकाशकाला या कागदांची तशीच अडचण वाटत असे. मळीला पुढे मागणी निघाली आणि तिची किंमत झाली. या कागदांचेही तेच झाले. फरक एवढाच की मळी दरसाल नवी तयार होते. १९६२ मधले पान मात्र पुन्हा तयार होणार नाही.

दुर्मिळतेचे गणित

श्रम हा मूल्याचा पाया मानणाऱ्या डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात एक अपवाद मोकळेपणाने मान्य केला होता. दुर्मिळ मूर्ती, चित्रे, जुने ग्रंथ आणि नाणी यांची किंमत त्यांवर खर्ची पडलेल्या श्रमाने ठरत नाही. त्यांचा पुरवठा वाढविता येत नसल्याने केवळ दुर्मिळता आणि घेणाऱ्याची ऐपत व इच्छा यांवरच ती अवलंबून असते. चित्रकथेची मूळ पाने या अपवादाचे उत्तम उदाहरण ठरावीत. एका अंकातील वीस-बावीस पानांवर चित्रकाराने सारखेच श्रम केलेले असतात. पण बाजारात त्यांतील एका पानाला दुसऱ्याच्या शंभरपट किंमत येऊ शकते.

हा फरक कशाने पडतो, याचे संग्राहकांमध्ये रूढ झालेले काही ठोकताळे आहेत. मुखपृष्ठ सर्वांत महाग; त्याखाली एकाच मोठ्या चित्राने भरलेले पान; आणि नंतर लहान चौकटींची साधी पाने. नायक त्याच्या ओळखीच्या पोशाखात दिसत असेल तर भाव चढतो, दोन माणसे दिवाणखान्यात बोलत बसली असतील तर उतरतो. एखाद्या पात्राचे पहिले दर्शन, एखादा गाजलेला मृत्यू, कथेला वळण देणारा प्रसंग यांना वेगळे मोल मिळते. 'हल्क' मालिकेच्या १८० व्या अंकाचे शेवटचे पान २०१४ मध्ये ६ लाख ५७ हजार २५० डॉलरला गेले. त्या पानाच्या शेवटच्या चौकटीत वुल्व्हरिन हे पात्र पहिल्यांदा दिसते, हेच त्याचे कारण. अर्थात रेखाटन कोणाचे, शाईकाम कोणाचे, हेही पाहिले जाते. परंतु वाचकांच्या आठवणीत ते पान कोठे बसले आहे, यालाच अधिक वजन असते.

म्हणजे येथे विकली जाते ती निव्वळ रेषा नव्हे, तर एका पिढीचे बालपण. दहाव्या वर्षी ज्याने खाऊच्या पैशांत अंक विकत घेतला, तो पन्नाशीत हाती पैसा आल्यावर त्याच अंकाचे मूळ पान घेऊ पाहतो. या मागणीचे बळ खरे आहे. पण तिचे आयुष्यही त्या पिढीएवढेच असण्याचा धोका आहे. पुढच्या पिढीला तीच पात्रे तितकीच प्रिय असतील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून लिलावाच्या बातम्या वाचून हा पैसा दुप्पट करण्याचा मार्ग समजणे धोक्याचे आहे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९८६ मध्ये सुमारे तीन शतकांतील चित्रविक्रीचे आकडे तपासून दाखविले की, महागाई वजा जाता चित्रांवरील सरासरी परतावा वर्षाला जेमतेम अर्धा टक्का पडतो. तो अभ्यास चित्रकथांचा नव्हता. पण त्यातील बोध येथेही लागू पडतो. जी चित्रे प्रचंड भावाने विकली जातात त्यांची बातमी होते. जी विकलीच जात नाहीत त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. शिवाय लिलावगृहाचे भरघोस कमिशन, विमा, चौकट, जपणूक हा सगळा खर्च डोळ्यांआड राहतो.

बनावटीचा धोका निराळाच. काचेखाली दिवा लावून छापील चित्र गिरविणे अवघड नाही. म्हणून जाणकार संग्राहक आधी चित्राच्या सौंदर्याकडे पाहत नाहीत. बोर्डाचा काळ, आकार, निळ्या खुणा, छापील प्रतीशी रेषांचा तंतोतंत मेळ आणि विशेषतः ते पान कोणाकडून कोणाकडे गेले याचा अखंड इतिहास ते तपासतात. त्यांच्या दृष्टीने या इतिहासातील एकही गाळलेला दुवा किमतीला बट्टा लावणारा असतो.

वाढीव मोल कोणाचे

परंतु हा इतिहास खणू लागले की अधिक बोचणारा प्रश्न पुढे येतो. ही पाने बाजारात आली कशी? १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला लिहून दिले. पुढे प्रकाशकांनी अमाप पैसा मिळविला आणि हे दोघे मात्र म्हातारपणी विपन्नावस्थेत होते. लोकमताच्या दडपणाखाली १९७५ मध्ये त्यांना वर्षाला वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि चित्रकथेवर आपली नावे छापून मिळाली. या कथेचा कळस पुढेच आहे. ज्या धनादेशात ते १३० डॉलर समाविष्ट होते, तो जुना धनादेशच २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला! निर्मात्यांना निर्मितीचे जे मोल मिळाले, त्याच्या पावतीला त्या मोलाच्या हजारपटीहून अधिक किंमत यावी, यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण जॅक कर्बी यांचे. मार्व्हलच्या बहुतेक प्रमुख नायकांच्या घडणीत ज्यांचा हात होता, त्या कर्बी यांनी आयुष्यात हजारो पाने रेखाटली. सत्तरीच्या दशकात अमेरिकी प्रकाशक मूळ पाने चित्रकारांना परत करू लागले. १९७६ च्या नव्या कॉपीराइट कायद्यानंतर तर कागदाची मालकी आणि छापण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान सर्वांनाच आले. तथापि जुनी पाने परत करताना इतरांना एक पानी पावती पुरली, तर कर्बी यांच्यापुढे मात्र चार पानी खास करारपत्र ठेवण्यात आले. पात्रांवर आपला कोणताही हक्क नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेण्याचा त्यात हेतू होता. वाद अनेक वर्षे चालला. १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने असंख्य चित्रकार आणि लेखकांनी सह्या केल्या. अखेर १९८७ मध्ये कर्बी यांना सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. त्यांनी काढलेल्या पानांचा हा एक लहान अंश होता. तोवर गोदामातून गहाळ झालेली कित्येक पाने संग्राहकांच्या हाती पोहोचली होती.

याच्या नेमका उलट असा एक प्रसंग आहे, आणि तो या व्यवहारातील मनुष्यस्वभावावरचा विश्वास टिकवून धरणारा आहे. स्पायडरमॅनची पहिली कथा १९६२ मध्ये 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात आली. स्टीव्ह डिटको यांनी त्या अंकासाठी रेखाटलेली २४ मूळ पाने २००८ मध्ये एका अनामिक दात्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. लिलावात मांडली असती तर त्यांनी कोणते विक्रम मोडले असते, याचा अंदाजच केलेला बरा. आज तेथे जाऊन कोणीही अभ्यासक ती पाहू शकतो.

मांडणे आणि जपणे

घेतलेले चित्र भिंतीवर लावावे, ही इच्छा स्वाभाविक. परंतु कागदाचा खरा वैरी प्रकाशच आहे. काळी शाई बरीच टिकाऊ असते. मात्र रंगीत शाई, मार्कर आणि पातळ जलरंग काही वर्षांच्या उन्हात फिके पडतात. अक्षरांच्या पट्ट्या चिकटविण्यासाठी वापरलेले रबरी द्रावण पिवळे पडते आणि चिकटपट्टीचे डाग कायमचे राहतात. म्हणून संग्रहालये कागदावरील चित्रे मंद प्रकाशात, साधारण पन्नास लक्सच्या मर्यादेत मांडतात आणि काही महिन्यांनी ती उतरवून अंधारात विसावा देतात. आम्लविरहित पुठ्ठा, काचेपासून थोडे अंतर आणि कोरडी हवा ही पथ्ये घरीही पाळता येतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी, कसर आणि वाळवी यांपासून कागद वाचविणे हे तर लिलावात बोली लावण्याहून कठीण काम.

संस्थात्मक पातळीवर हे काम युरोप-अमेरिकेने गंभीरपणे घेतले आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात १९७७ मध्ये व्यंगचित्रकार मिल्टन कॅनिफ यांच्या कागदपत्रांपासून, अवघ्या दोन वर्गखोल्यांत, एक संग्रह सुरू झाला. आज तो या विषयातील जगातील अग्रगण्य संग्रहांपैकी एक आहे. ब्रुसेल्समध्ये १९८९ मध्ये वास्तुकार व्हिक्टर ओर्ता यांच्या जुन्या इमारतीत चित्रकथांचे केंद्र उघडले, तर जपानात २००६ मध्ये क्योटो येथे मांगा संग्रहालय सुरू झाले. यातून एक गोष्ट सिद्ध होते : किंमत बाजार ठरवितो, परंतु प्रतिष्ठा संस्था देतात. जेथे संस्था नसतात तेथे कागद एक तर धनिकाच्या कपाटात जातो, नाही तर रद्दीवाल्याच्या तराजूत.

आपल्या घरातील कागद

हा सारा विषय परदेशातला वाटला तरी मराठी वाचकाचे बालपणही याच कागदांनी घडविले आहे. १९५२ पासून मराठीत निघालेला आणि आता बंद पडलेला 'चांदोबा' कोणाला आठवत नाही? खांद्यावर वेताळ घेऊन तलवार उपसून चाललेला विक्रम ज्यांनी रेखाटला, ते के. सी. शिवशंकरन ऊर्फ 'शंकर' २०२० मध्ये वारले आणि त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. १९६४ ते १९९० या काळातील 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे 'वेताळ' घरोघर पोहोचला; त्याची कित्येक मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगविली. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'मागे राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांचा हात होता. या चित्रांतूनच दोन-तीन पिढ्यांनी कृष्ण पाहिला, शिवाजी महाराज पाहिले. अंक आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हुडकले जातात. मूळ चित्रांची विचारपूस मात्र क्वचितच होते.

आपल्या कायद्यात या बाबतीत एक तरतूद आहे. तिची माहिती फारच थोड्यांना असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या ५३-अ या कलमानुसार, मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. अमेरिकेत असा देशव्यापी हक्क नाही. कॅलिफोर्नियाचा १९७६ चा कायदाही २०१८ मध्ये न्यायालयाने बहुतांशी निष्प्रभ ठरविला. युरोपात हक्क आहे, पण त्याला साडेबारा हजार युरोची कमाल मर्यादा आहे. म्हणजे 'ब्लू लोटस'च्या मुखपृष्ठासारख्या विक्रीत हा वाटा अर्धा टक्काही भरत नाही. या दोहोंपेक्षा आपला कायदा उदार दिसतो. परंतु त्यात एक अट आहे : चित्रावरील हक्काचा पहिला मालक स्वतः चित्रकार असला पाहिजे. पगारी नोकरीत काढलेल्या, किंवा मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगविलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, बहुधा काम सांगणाराच ठरतो. चित्रकथा तर जवळजवळ सर्वस्वी अशाच कामातून जन्माला येतात. म्हणजे ज्याला या कलमाची सर्वाधिक गरज, नेमका तोच त्याच्या दाराबाहेर राहतो.

या कोंडीतून सुटण्याचा मार्ग आपल्याकडे दोन कलावंतांनी फार पूर्वी दाखवून दिला होता. गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' स्वतःच काढला. रघुवीर मुळगावकरांनीही 'रत्नप्रभा' आणि 'रत्नदीप' हे अंक स्वतः चालविले. चित्रकार हाच प्रकाशक झाला की मेहनताना कोणाचा आणि मालकी कोणाची, हा वादच उरत नाही. प्रत्येकाला हे शक्य नाही, हे खरे. परंतु करारात दोन ओळी लिहून घेणे प्रत्येकाला शक्य आहे : छापण्याचा हक्क तुमचा, कागद माझा. आज तरुण चित्रकार संगणकाच्या पडद्यावरच रेखाटन करू लागल्याने कागदी मूळ चित्र उरतच नाही. त्यामुळे जुन्या कागदांचा साठा कायमचा बंद झाला असून त्यांचे मोल, बाजारात आणि इतिहासातही, पुढे वाढण्याचाच संभव अधिक.

म्हणून जे उरले आहे ते आताच वाचविले पाहिजे. बंगळुरूत २००७ मध्ये व्यंगचित्रांचे दालन उभे राहिले. मुंबई-पुण्यात आणि गोव्यात चित्रकथांसाठी आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांसाठी तसे का होऊ नये? कला महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांना ओहायोप्रमाणे दोन खोल्यांपासून आरंभ करता येईल. चित्रकारांच्या घरी पाने असतील तर त्यांची यादी करणे, त्यांची छायाचित्रे घेणे, ती कोणाच्या मालकीची हे लिहून ठेवणे, एवढ्या कामाला लाखो रुपये लागत नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक गट आणि एक जागरूक ग्रंथपाल पुरेसा आहे.

लिलावातील आकडे ऐकून डोळे दिपतात. त्या आकड्यांवरून कागद किती दुर्मिळ आहे हे कळते. तो काढणाऱ्याचे देणे फिटले की नाही, हे त्यांवरून कळत नाही. एखाद्या पानाला ३३ लाख डॉलर मिळाले, यात आनंद मानण्यासारखे आहेच. त्याहून अधिक आनंदाचा दिवस तो, ज्या दिवशी माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेला जुना बोर्ड रद्दीत जाण्याआधी, घरातलाच कोणी जाणता म्हणेल की, थांबा, हे आधी दाखवून घेऊ.